सात नंबरच्या पॅनेलवरचा हार

माधवनगर, सांगली
२२ एप्रिल

प्रिय उदय,

पंचवीस वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले, कारण अकरा तारखेला तू मला 'मॅडम' म्हणालास. तुझं चुकलं नाही. आमचे मॅनेजर मानसिंगराव शेजारी उभे होते, तुझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, आणि माझ्या खिशाला टेस्टर. तरी मला हसू आलं आणि ते मी खोकल्यात दडवलं. फोन करता आला असता. तुझा नंबर तुझ्या अहवालाच्या तळाशी छापलेलाच आहे. पण फोनवर तू पुन्हा मॅडम म्हणाला असतास, मी सर म्हटलं असतं आणि दोन मिनिटांत आपण दोघंही सुटलो असतो. मला सुटायचं नाही. हे पत्र तुझ्या खंडाळ्याच्या ऑफिसात न पाठवता साताऱ्याच्या घरी पाठवते आहे. अंकितावहिनींनी उघडलं तरी चालेल, तुझ्याआधी वाचलं तरी चालेल. यात लपवण्यासारखं काही नाही. तेव्हाही आपण कुणापासून काही लपवलं नव्हतं, कारण जे होतं ते आपण एकमेकांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

तू विचारलं नाहीस तरी माझं सांगते. या सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून मला बावीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी इथल्या जॉबरने, खात्याच्या मुकादमाने, मला शिडी धरायला सांगितली होती. मी शिडी चढले आणि ती त्याला धरायला लावली. त्याने दोन आठवडे माझ्याशी अबोला धरला आणि मग स्वतःच्या घरातला बिघडलेला मिक्सर दुरुस्तीला आणून दिला. आई आहे. गुडघे गेलेत, पण सूर्य मावळायच्या आत मला जेवायला लावण्याचा हट्ट गेलेला नाही. दुसऱ्या पाळीला असले की साडेपाचला फोन करून 'डबा उघडलास का' विचारते. माझ्या भावाची, अरिहंतची द्राक्षबाग बरी चालली आहे. मी लग्न केलं नाही. हे वाचताना तू क्षणभर थांबशील म्हणून लगेच लिहिते, तुझ्यासाठी थांबले असं समजू नकोस. बघायला आले ते सगळे विचारायचे, नोकरी सोडणार ना? मी नाही म्हणायचे. चौथ्या स्थळानंतर आईच दारात सांगायला लागली, 'आमची गुणमाला नोकरी सोडणार न्हाई. चहा झालाय, तेवढा घेऊन जावा.' मी माझ्या मर्जीने राहिले आणि मजेत राहिले.

आता सात नंबरबद्दल. तू वीस मिनिटं होतास, त्यामुळे सगळं तुला ठाऊक नाही. मागच्या ऑक्टोबरात आमच्या रिंग खात्यातली जुनी पॅनेलं काढून नवी बसवली. सूत कातायच्या प्रत्येक लांबलचक मशीनला एक, आणि प्रत्येकात तुमच्या कंपनीचा एक ड्राइव्ह, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा. हिवाळाभर सगळी गपगुमान चालली. मार्चच्या मध्यापासून सात नंबर तापायला लागली. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास ड्राइव्ह नव्वद अंशांवर जायचा आणि बंद पडायचा. ड्राइव्ह बंद पडला की मशीन थांबते हे तुला सांगायला नको, पण मशीन थांबली की हजारभर धागे एकदम तुटतात, आणि ते एकेक करून सांधायला चार बायकांना दीड तास लागतो, हे तू पाहिलेलं नाहीस. मान खाली, बोटं पुढे, आणि अंगावर एप्रिल. मी माझ्या परीने सगळं पाहिलं. मोटर जास्त विद्युतप्रवाह खेचत नव्हती. बेअरिंगं ठीक होती. पॅनेलचा पंखा फिरत होता, ड्राइव्हचे छोटे पंखेही. मागचा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा ब्लोअरने साफ केला. दोन दिवस बरं चाललं, परत तेच. मग लोकांनी नेहमीचा उपाय केला. पॅनेलचं दार उघडलं आणि समोर टेबलफॅन लावला. लगेच तापमान उतरलं, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि तीन दिवसांत त्या फॅनने खात्यातलं कापसाचं तूस थेट पात्यांत कोंबलं. परत बंद. तेव्हा मानसिंगरावांनी फर्मान काढलं, कंपनीचा माणूस येईपर्यंत पॅनेलला कुणी हात लावायचा नाही. दार लावलं. फॅन हलवला. सहा दिवसांनी तू आलास.

तू आलास, ड्राइव्हच्या पडद्यावर मागचे सगळे दोष पाहिलेस, मोबाइलवर फोटो काढलेस, खालच्या बाजूची हवा आत घेणारी जाळी उघडलीस आणि तिच्यातली फिल्टरची चादर काढून मानसिंगरावांना दाखवलीस. ती गोधडीसारखी झाली होती. सहा दिवसांचं तूस होतं त्यावर. मग तू दाराकडे वर पाहिलंस आणि तुझा हात कपाळाकडे गेला. साताऱ्याला आपण आयटीआयमध्ये होतो तेव्हा मेन स्विच टाकण्याआधी जायचा तसाच. तिथे तू जरा जास्त वेळ उभा राहिलास. एवढंच मला दिसलं. मग बॅगेची चेन लावलीस, 'रिपोर्ट मेल करतो' म्हणालास आणि आमच्या कँटीनचा चहासुद्धा न घेता गेलास.

पंधरा तारखेला अहवाल आला. तुझं मराठी तेव्हापासून सुधारलेलं आहे. 'हवेच्या फिल्टरची नियमित स्वच्छता होत नाही. स्वच्छता कर्मचाऱ्याच्या दुर्लक्षामुळे ड्राइव्हचे तापमान वाढते.' स्वच्छता कर्मचारी असं तू लिहिलंस, म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर कुणी नसावं. आमच्याकडे त्या एकच आहेत. चंद्राबाई. वय छप्पन्न, नवरा पलटणीत होता, तो गेल्यावर इथे आल्या. रिंग खातं त्या झाडतात, आणि बारा पॅनेलांच्या फिल्टरच्या चादरी रोज पाळी सुटायच्या आधी काढून, आवारातल्या कडुनिंबाच्या बुंध्यावर आपटून, परत बसवतात. बावीस वर्षांत त्यांनी एक चादर उलटी बसवलेली मी पाहिली नाही, आणि इंजिनिअरांनी बसवलेली तीन वेळा पाहिली आहे. अहवाल आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, 'ताई, म्या रोज झाडतीया. सायबांनीच सांगितलं, हात लावू नगंस म्हून. आता लिवून आलंय म्हनं, चंद्राबाईचं ध्यान न्हाई. ध्यान न्हाई? माज्या घरला येऊन बगा एकदा, चुलीम्होरं जेवान सांडा आन् उचलून खावा.' मग म्हणाल्या, 'काम गेलं तर जाऊ द्या. पर असं नाव घिऊन कसं जाऊ वो?' तीस तारखेला ठेकेदाराकडे नवी यादी जायची आहे आणि तिच्यात त्यांचं नाव राहणार नाही, हे मानसिंगरावांनी त्यांना सांगून झालं होतं.

मी मानसिंगरावांकडे गेले. म्हटलं, सहा दिवस तुम्हीच हात लावू दिला नाहीत, त्याआधी चादर स्वच्छ असतानाही ड्राइव्ह बंद पडत होता. ते म्हणाले, 'मॅडम, तुमची आयटीआय. त्यांचं इंजिनिअरिंग. आणि लिहून त्यांनी दिलंय.' उदय, मी त्यांना सांगितलं नाही. तो इंजिनिअर माझ्याच बाकावर बसायचा, त्याच्या पहिल्या जोडणीत न्यूट्रल सुटलेली मी पकडली होती, आणि त्याच्या बोटाला सोल्डरचा चटका बसला तेव्हा मी राहायचे त्या मावशीकडून आणलेलं तूप मी लावलं होतं, यातलं काहीच सांगितलं नाही. मागाहून डिप्लोमा आणि नोकरी करत डिग्री केलीस, ते मला कुणाकडून तरी कळलं होतं. मनापासून आनंद झाला होता. त्या दिवशी मात्र राग आला. तुझ्या डिग्रीचा नाही. वीस मिनिटांचा.

तुला नाथाजी सर आठवतात का? वर्गात पंखा बंद, खिडक्या उघड्या, आणि सर टेबलावर मीटर उलटा घालून ठेवायचे. 'पहिला हात, मग मीटर, मग पुस्तक. पोरांनो, मशीन तापली म्हणजे तिच्या पोटात काहीतरी झालं असं लगेच समजू नका. वारं कुठनं येतंय आणि कुठनं जातंय ते आधी बघा.' आणि दोष सापडला असं वाटलं की म्हणायचे, 'आता परत घडवून दाखव. घडवता येत नाही म्हणजे तुला सापडलेला नाही.' आपण त्यांच्या चिडक्या आवाजाची नक्कल करायचो. तू जास्त चांगली करायचास. वर्गात मी एकटी मुलगी, सगळ्यांनी जोडीदार निवडले आणि मी उरले, तेव्हा तू तुझा स्टूल फरफटत माझ्या बाकाशी आणलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, 'मला हिच्याकडनं शिकायचंय.' त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं ताठ मानेने काढली. कदाचित बावीस. ते तू म्हटलं होतंस हे तुला आठवत नसेल, म्हणून लिहून ठेवते.

तर सोळा तारखेला मी नाथाजी सरांचं ऐकलं. सात नंबरला कोरी चादर बसवली, दार घट्ट लावलं आणि मशीन चालू ठेवली. दुपारी दोन चाळीसला नव्वद. बंद. म्हणजे चादर नव्हे. बायका धागे सांधायला वाकल्या आणि मी पॅनेलपाशी बसले. पॅनेलचा पंखा चालूच होता. हातात कापसाचं बोटभर तूस घेऊन मी ते खालच्या जाळीसमोर धरलं. शेजारच्या सहा नंबरला धरलं तर जाळी ते हातातून हिसकावून घेते. सात नंबरला ते नुसतं हललं आणि लोंबत राहिलं. पंखा फिरतो, आवाज येतो, म्हणून हवा जात असणार असं मी महिनाभर धरून चालले होते. हवा आत येत नाही, कारण ती बाहेर जात नाही. मग ती बाहेर कुठून जाते हे पाहायला मी उभी राहिले, हात वर नेला आणि तो काचेवर पडला. तव्यासारखी तापली होती. तुझा म्हसवडचा सिद्धनाथ होता, उदय. मी तिथे लावलेला.

शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी तू मला ती तसबीर दिलीस. मार्गशीर्षात रथाला गेला होतास, तिथून आणलेली, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून महिनोन्महिने ठेवलेली. म्हणालास, 'आमचा देव आहे, तुमच्यात चालतो का माहीत नाही, पण ठेव.' मी घेतली. घरी लावली असती तर आई काही बोलली नसती, फक्त कुणी दिली असं विचारलं असतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी ती कामावर आणली. बावीस वर्षं ती जुन्या सात नंबरच्या पॅनेलवर होती. त्या पॅनेलची गरम हवा छतातून जायची, दारावर काहीही टांगलं तरी चालायचं. ऑक्टोबरात नवं पॅनेल आलं. खंडेनवमीला सगळ्या मशीनांची पूजा झाली तेव्हा मी तसबीर पुसून नव्या दारावर लावली. लोखंडी दाराला खिळा ठोकता येत नाही. तारेचा आकडा अडकवायला एकच जागा होती, वरच्या जाळीच्या फटी. जुन्या उंचीवर, जुन्या जागी, हाताच्या सवयीने अडकवली. ती जाळी म्हणजे गरम हवेचं दार, हे मी दुसऱ्यांना हजार वेळा सांगितलेलं आहे. थंडीत कळलं नाही. उन्हाळ्यात ड्राइव्हला कळलं.

आणि आता ऐक, याहून मोठा वेडेपणा. मार्चपासून त्या तसबिरीचा हार रोज करपायचा. सकाळी चंद्राबाईंनी घातलेला ताजा झेंडू संध्याकाळी चुरमुऱ्यासारखा कडक. खात्यात बोलबाला झाला, देव जागृत आहे, सगळ्यांची तलखी स्वतःवर घेतो. पाच आणि नऊ नंबरच्या बायकासुद्धा फुलं आणायला लागल्या. एकीने नवस बोललेला मला माहीत आहे. जितके हार वाढले तितकी जाळी आणखी बंद झाली, जितकी जाळी बंद झाली तितके हार लवकर करपले, आणि देवाचं तेज वाढत गेलं. मीसुद्धा त्या करपलेल्या हाराकडे बघून रोज मनात नमस्कार करत होते. महिनाभर डोळ्यांसमोर तापमान लिहिलेलं होतं आणि मी मीटर घेऊन ते पॅनेलच्या आत शोधत होते. हसू आलं तर हस. मी पॅनेलशेजारी खाली बसून हसले, इतकी की एक धागेवाली मला पाणी घेऊन आली.

सतरा तारखेला तसबीर उतरवायला गेले तर चंद्राबाई आडव्या आल्या. 'न्हाई ताई. देवावर आळ घिऊन मला कामावर न्हाई ऱ्हायाचं. त्यापरीस मी घरला जाते.' मी म्हटलं, चंद्राबाई, आळ देवावर नाही, माझ्यावर आहे. त्याने मला कुठे सांगितलं होतं, इथे अडकव म्हणून? त्यांनी हार उतरवून हातात घेतला. मग म्हणाल्या, 'काढा मग. पर आतल्या कपाटात न्हाई टाकायचं त्याला. आन् लय जवळ बी नगं, माज्या डोळ्याला जवळचं दिसत न्हाई.' त्या दिवशी बाहेर एकेचाळीस अंश होते. तसबीर काढून मशीन पूर्ण वेगाने चालवली, दुपारी तीनला ड्राइव्ह एकोणसत्तरवर. अठराला मी तसबीर परत तिथेच लावली, हारासकट, कारण घडवून दाखवता आलं पाहिजे. धागेवाल्या म्हणाल्या, 'ताई, मुद्दाम आमची कंबर मोडताय व्हय?' म्हटलं, थांबा. अडीचला शहाऐंशी झाले, पावणेतीनला अठ्ठ्याऐंशी. मी आकडा काढला. बारा मिनिटांत बहात्तर. मशीन थांबली नाही, एकही धागा तुटला नाही. एकोणीसला परत तसबिरीशिवाय, सत्तर. तीन दिवस, तीच मशीन, तेच सूत, तोच वेग. नाथाजी सरांनी शेरा द्यायला हरकत नव्हती.

आता जे मला तुला सांगायचं आहे ते. मी पुष्कळ विचार केला. तुला जाळी दिसली नसेल असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. पण तू रोज अशी चार पॅनेलं उघडतोस. गरम हवेची वाट शोधणं हे तुझं पहिलं काम. तुला ती जाळी दिसली, तिच्यावरची तसबीर दिसली, आणि तिच्या चौकटीचा उजवा कोपरा दिसला, जो तुझ्या पिशवीत पक्कडीखाली दबून फुटला होता आणि तू लाल इन्सुलेशन टेपने जोडला होतास. ती टेप अजून आहे. म्हणून तू तिथे उभा राहिलास. आणि मग मला वाटतं तू ठरवलंस की खरं लिहिलं तर मी अडचणीत येईन. बावीस वर्षं नोकरी केलेली इलेक्ट्रिशियन आणि हवेच्या वाटेवर तसबीर टांगते. तेव्हा तू मला सांभाळलंस, आणि सांभाळायला कुणाचं तरी नाव लागत होतं, ते चंद्राबाईंचं घेतलंस. नाव न घेता घेतलंस. उदय, तुझा हेतू चांगला असेल, मला तो नको आहे. माझी चूक झाकायला मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हाही तू असंच केलंस. साताऱ्याहून निघताना तू मला काही विचारलं नाहीस, कारण तुला वाटलं, आमच्या घरच्यांना सोसणार नाही, मला जड जाईल. माझं काय होईल ते तू परस्पर ठरवून टाकलंस. दोन पत्रं पाठवलीस, तिसरं नाही. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होते, गप्प बसले, त्यात माझाही वाटा आहे. आता पंचेचाळीस वर्षांची आहे. माझ्या वतीने ठरवू नकोस. मला जड जातं का नाही ते मला उचलून बघू दे.

काल मी माझा अहवाल मानसिंगरावांच्या टेबलावर ठेवला. दोन पानं. तीन दिवसांची तापमानं, वेळा, आणि शेवटी एक ओळ : 'बाहेर जाणाऱ्या हवेच्या जाळीवरील तसबीर मी स्वतः लावली होती.' त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. म्हणाले, 'मॅडम, असं कुठं लिहितात का? कुणीतरी लावली लिहा. विषय मिटला.' म्हटलं, कुणीतरी म्हणजे परत चंद्राबाई. ते म्हणाले, मेमो निघेल. म्हटलं, निघू द्या, माझ्या फाइलमध्ये जागा आहे. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, 'तुमच्या एकटीच्या कागदावर मी कंपनीचा रिपोर्ट कसा खोडू? त्यांची सही आणा. तीसच्या आत. नाहीतर बाईचं काय एवढं, दुसरीकडं लागंल झाडायला.' भीती वाटली नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, थोडी वाटली. ही नोकरी मी सगळ्या स्थळांपेक्षा जास्त जपली आहे. तरी उठले, आणि जाताना त्यांचं दार नीट लावून गेले.

तसबीर आता समोरच्या भिंतीवर आहे. चंद्राबाईंनी स्वतः जागा दाखवली, पॅनेलपासून चार पावलांवर, बरोबर जाळीच्या समोर. मी लाकडी गुट्टी ठोकली, स्क्रू पिळला. पॅनेलमधून निघालेली हवा तिथपर्यंत पोचेपर्यंत कोमट होते, हार करपत नाही, फक्त झेंडूच्या पाकळ्या हलत राहतात. रोज सकाळी चंद्राबाई झाडू टेकवून त्या पाकळ्यांकडे बघतात आणि मला खालून ओरडून सांगतात, 'ताई, हालतोय वो!' म्हणजे पंखा चालू आहे, वाट मोकळी आहे. बावीस वर्षांत मी कुठल्याही पॅनेलवर याहून भरवशाचा दिवा लावलेला नाही. तसबीर परत पाठवावी असं एकदा मनात आलं होतं. पाठवणार नाही. ती मला दिलेली आहे.

या पाकिटात दोन पानांच्या तीन प्रती आहेत. तसबीर मी लावली हे त्यात आहे. ती कुणी दिली हे नाही, कारण त्याने ड्राइव्ह तापला नव्हता. तू सही केलीस तर कंपनीत तुला विचारतील, वीस मिनिटांत काय पाहिलंस. त्याचं उत्तर तुझं तू दे, मी माझं दिलं आहे. नाही केलीस तरी तीस तारखेला सकाळी मी हीच पानं घेऊन रिंग खात्याच्या मधोमध उभी राहणार आहे, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांच्या बायका समोर असताना. सात नंबरवर तसबीर परत टांगीन, तूस जाळीसमोर धरून दाखवीन आणि कुणाच्या हातून काय झालं ते मोठ्याने सांगेन. चंद्राबाई या गिरणीतून गेल्या तर त्यांच्या मर्जीने जातील, माझ्या चुकीचं नाव घेऊन नाही. पण मला ते एकटीने करायचं नाही, आणि एवढं कबूल करायलाच मी इतकं लांबलचक लिहिलं. शेवटच्या पानाच्या तळाशी डावीकडे माझी सही आहे. उजवीकडची जागा मोकळी ठेवली आहे. प्रॅक्टिकलच्या वहीवर जॉब झाला की तू आधी सही करायचास आणि मग वही माझ्याकडे सरकवायचास. या वेळी मी आधी केली आहे. वही तुझ्याकडे सरकवते आहे.

तुझीच, अजूनही त्याच बाकावरची,
गुणमाला